वर्षाचं धान्य भरावं का? चौघांच्या घराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात टूबीएचके फ्लॅट, नवरा-बायको आणि सात व अकरा वर्षांची दोन मुलं. दूध-भाजी सोडून किराणा महिन्याला नऊ हजारांवर जातो. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी वर्षाचं धान्य भरायचो, तसं भरा, पैसे वाचतील. नवरा म्हणतो, जागा कुठे आहे, किडे होतील, आणि ऑनलाइन ऑफरमध्ये मिळतंच की. कोणाचं ऐकावं?

मी गेली बावीस वर्षं आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांचं धान्य एकत्र भरते. माहेर लातूरकडचं, त्यामुळे तूर लहानपणापासून कळते. गहू-तांदूळ मात्र इथं आल्यावर मार्केट यार्डातल्या भुसार गाळ्यांवर उभं राहून शिकले. प्रत्येक वर्षाची वही ठेवली आहे, तिच्यावरूनच सांगते.

थेट उत्तर आधी. भरा, पण सगळं भरू नका आणि एकाच महिन्यात भरू नका. शिवाय बचत बहुतेकांना वाटते त्या वस्तूंत नसते. लोक पहिल्यांदा गव्हाच्या पोत्याकडे धावतात, आणि घातलेल्या रुपयामागे गव्हात सुटणारे पैसे सगळ्यात कमी.

काहीही भरण्याआधी मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. एका रंगात गहू, तांदूळ, डाळी, तेल, साखर, गूळ, शेंगदाणे, तिखट-मसाले. दुसऱ्या रंगात बाकी सगळं: बिस्किटं, नूडल्स, सॉस, साबण, फरशी पुसायचं लिक्विड. आमच्यात नवीन येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे करायला लावते. चौघांच्या घरात नऊ हजारांपैकी पहिल्या रंगाचे साधारण साडेतीन-चार हजारच निघतात. घाऊक खरेदी जी काही बचत करून देणार ती या साडेतीन-चार हजारांतली. उरलेल्या पाच हजारांचं काय, ते पुढे सांगते, कारण तिथेही धान्य भरल्याचा उपयोग होतो.

दुसरं काम, खप मोजा. अंदाजाने सांगितलेला खप हमखास चुकतो. डबा भरला की चिकटपट्टीवर तारीख आणि वजन लिहून झाकणाला लावा, संपला की पुन्हा तारीख. तीन महिन्यांत तुमच्या घराचा आकडा हाती येतो. पडताळा म्हणून पोळ्या मोजा. एक किलो कणकेच्या घडीच्या पोळ्या साधारण २८ ते ३० होतात, फुलके केले तर ३५ ते ४०. दिवसाला चौदा पोळ्या लागत असतील तर अर्धा किलो कणीक, महिन्याला १५ किलो. त्यातून सुट्ट्या, बाहेरची जेवणं, भाकरीचे आणि उपासाचे दिवस वजा केले की १२-१३ किलो उरतात. म्हणजे वर्षाला दीडशे किलो गहू तुम्हाला पुरे. आमच्यात एका घराने पहिल्या वर्षी 'आम्हाला पोळ्या खूप लागतात' म्हणून अडीच क्विंटल घेतले आणि पुढच्या मार्चला ७० किलो उरले. रेशनवर धान्य मिळत असेल तर तेही यातून वजा करा.

आता गव्हाचा हिशेब. दर गावोगावी आणि दर वर्षी बदलतात, तेव्हा आकड्यांपेक्षा रीत पाहा. आमच्या वहीत एका हंगामात चांगला लोकवन ३६ रुपये किलोने दीडशे किलो घेतला, ५,४०० रुपये. हमाली आणि टेम्पोचा वाटा १५० रुपये. निवडून-चाळून दोन किलो गेला. म्हणजे १४८ किलो स्वच्छ गहू ५,५५० रुपयांना पडला. हाच गहू कोपऱ्यावरच्या दुकानातून महिन्याच्या महिन्याला आणला असता तर वर्षभरात सरासरी ४२ रुपये पडले असते, म्हणजे ६,२१६. फरक ६६६ रुपयांचा. दळणाचा खर्च दोन्हीकडे सारखाच. वर्षभर साडेपाच हजार अडकवून, गच्चीवर वाळवून, कोठी सांभाळून वर्षाला साडेसहाशे. गहू मी तरीही भरते, कारण पोळी आवडत्या गव्हाची होते आणि दळणात काय आहे ते मला ठाऊक असतं. निव्वळ पैशासाठी करत असाल तर गहू यादीत शेवटी ठेवा.

गहू घ्यायचाच असेल तर एप्रिलमध्ये घ्या. मार्चअखेरपासून मध्य प्रदेशाचा आणि आपल्याकडचा नवा माल येतो आणि एप्रिलमध्ये आवक भरात असते. लोकवन हे नाव ऐकून दाणा न बघता घेऊ नका. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत 'लोक-१' ही जात निघाली, त्या 'लोक वन'चं आपल्याकडे लोकवन झालं. आज दिसायला तसा असलेला बराचसा गहू त्याच नावाने विकला जातो. म्हणून आधी दोन किलो नमुना आणा, दळा, सकाळी पोळ्या करा आणि संध्याकाळी त्या मऊ राहिल्या का पाहा. मगच सौदा करा. २०२५-२६ च्या हंगामाला गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. चांगला निवडक गहू त्याच्यापेक्षा बराच वर विकला जातो, त्यामुळे कोणी हमीभावाच्या जवळपास 'एक नंबर गहू' देऊ लागला तर दोनदा चाळून बघा.

तांदळात मात्र पैसे आहेत, आणि ते पोत्याच्या भावात नसून वेळेत आहेत. खरिपाचा भात दिवाळीच्या सुमारास निघतो, जानेवारीत नवा तांदूळ बाजारात भरपूर असतो. कोलम नवा असताना चिकट होतो, भात गोळा बसतो, म्हणून त्याचा भाव कमी. तोच कोलम वर्षभर मुरला की पाणी जास्त पितो, फुलतो, शितं सुटी होतात, आणि दुकानदार तो 'जुना कोलम' म्हणून चढ्या भावाने विकतो. तो मुरवण्याचं काम तुम्ही घरी करू शकता, त्याला कोठीशिवाय काही लागत नाही. आमच्या वहीत नवा कोलम ५६ ला घेतला, ६० किलोचे टेम्पोसकट ३,४२० झाले. त्याच वर्षी जुना कोलम महिन्याच्या महिन्याला ७० ने पडला असता, म्हणजे ४,२०० रुपये. ७८० रुपयांची बचत, शिवाय जुन्या तांदळाचा भात. पहिलं वर्ष जरा अडचणीचं जातं, कारण तांदूळ मुरेपर्यंत खायला दुसरा लागतो. पहिल्या जानेवारीत दुप्पट घ्यायला जाऊ नका. पावसाळा संपेपर्यंत नेहमीचा आणत राहा आणि नवा त्यानंतर उघडा.

इंद्रायणी आणि आंबेमोहोराला मात्र हा नियम लावायचा नाही. त्यांचा जीव वासात. वर्षभर ठेवले की वास उडतो, आणि इंद्रायणीचा चिकट मऊपणा हाच तिचा गुण आहे, तो आपल्याला मुरवून घालवायचा नाही. मावळातून किंवा भोर-वेल्ह्याकडून ओळखीने येत असेल तर जानेवारीत घ्या, पण पाच-सहा महिन्यांपुरती.

डाळींत बचत खरी आहे, तशी जोखीमही. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, नवी डाळ फेब्रुवारी-मार्चला हाती येते. चौघांना वर्षाला २५-२६ किलो तूरडाळ पुरते. १२२ ने घेतलेली डाळ दुकानात वर्षभर १४५ च्या आसपास होती, ६०० रुपये वाचले. डाळ कशी पारखायची तेही सांगते, कारण इथेच लोक फसतात. मूठभर डाळ तळहातावर घ्या आणि दुसऱ्या तळव्याने जोरात चोळा. हात पिवळा झाला तर रंग आहे, हात चकचकीत झाला तर तेल-पाण्याचं पॉलिश आहे. काचेसारखी चमकणारी डाळ माझ्या आईने कधी घरात घेतली नाही. बिनपॉलिशची डाळ जरा निस्तेज, पिठूळ दिसते आणि कुकरमध्ये लवकर मिळून येते. मग एक दाणा दातांखाली धरा. कटकन तुटला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर डाळीत ओल आहे, आणि ओली डाळ म्हणजे वजनाला पाणी आणि श्रावणात बुरशी.

जोखीम म्हणते ती भावाची. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती, आठवत असेल. आम्ही सगळे इतके घाबरलो की २०१६ च्या फेब्रुवारीत दीडशेच्या भावाने दीड वर्षाची डाळ भरली. पुढच्या हंगामात तुरीचं पीक उदंड आलं. २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या रांगा हमीभाव केंद्रांबाहेर लागल्या आणि डाळ जवळपास निम्म्या भावावर आली. आम्ही मात्र महागाची डाळ खात बसलो. माझ्या माहेरी तूर पिकते, मला ते कळायला हवं होतं. भाव चढला की सगळे तूर पेरतात आणि पुढच्या वर्षी तो उतरतो. तेव्हापासून दोन नियम पाळते. कुठलीही डाळ वर्षापेक्षा जास्त भरायची नाही, आणि भाव नेहमीपेक्षा फार चढलेला असेल तर तीनच महिन्यांची घेऊन थांबायचं.

हरभराडाळ मार्चमध्ये, मूग-उडीद खरिपाचे म्हणून दसऱ्याच्या पुढे. डाळ आणि अख्खं कडधान्य यांत मात्र फरक करा. अख्ख्या मुगाला, मटकीला, चवळीला भुंगा लवकर लागतो, भरडून डाळ केली की त्यामानाने खूप कमी. म्हणून डाळ वर्षाची चालेल, उसळीची कडधान्यं दोन-तीन महिन्यांचीच घ्या.

ज्वारी भाकरीपुरती लागत असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी पाहा. दळण मात्र आठवड्याचंच करा. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं.

मिरची, हळद, चिंच हा फेब्रुवारी ते एप्रिलचा माल. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला लवंगी किंवा संकेश्वरी असं मिसळून घेतलं, देठं खुडून कडक उन्हात वाळवलं आणि कांडपावर उभं राहून कुटून आणलं की पाकिटातल्या तिखटापेक्षा किलोमागे शंभर-सव्वाशे वाचतात. वर्षाला तीन किलो तिखट धरलं तर साडेतीनशे. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा टाकायला विसरू नका. शेंगदाणे दिवाळीच्या आसपास नवे येतात. आम्ही घरटी १५ किलो धरतो पण दोन खेपांत आणतो, कारण दाण्यात तेल असतं आणि ते खवट होतं. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा निवडून फेकून द्या, कुटात ढकलू नका. त्या बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. गूळ कोल्हापूरकडे थंडीत तयार होतो, पण चौघांच्या घरात दोन ढेपांच्या वर ठेवू नका, पावसाळ्यात पाणी सुटतं. साखर भरण्यात काहीच अर्थ नाही. तिचा भाव हंगामाबरोबर फारसा हलत नाही, महिन्याची महिन्याला आणा.

हे सगळं मिळवलं तर आमच्या वहीत चौघांच्या घराची वर्षाची बचत अशी दिसते: गहू ६६६, तांदूळ ७८०, तूरडाळ ६००, शेंगदाणे ३७५, तिखट ३५०, आणि बाकीच्या डाळी, ज्वारी, चिंच, गूळ मिळून बाराशेच्या आसपास. साधारण चार हजार रुपये. महिन्याला सव्वातीनशे. तुमच्या नऊ हजारांपुढे हे थोडं वाटेल. सासूबाईंच्या काळी किराणा म्हणजे धान्यच होतं, म्हणून त्यांना बचत मोठी दिसायची.

पण याच्या पुढचा आकडा मला वहीतच सापडला. धान्य भरल्यावर पहिल्या वर्षी माझी दुकानाची बिलं महिन्याला हजार-बाराशेंनी उतरली, आणि हे धान्याला घातलेले पैसे वेगळे धरूनही. कारण शोधायला बिलं पुन्हा मांडून बसले तेव्हा कळलं की डाळ संपली म्हणून मॉलमध्ये जायचं, आणि डाळीबरोबर ट्रॉलीत फरसाण, दोन कुकी पॅक, 'एकावर एक'चं हँडवॉश यायचं. डाळ संपायची बंद झाली तशा त्या फेऱ्या बंद झाल्या. आता महिन्यातून एकदा यादी घेऊन जाते आणि यादीत धान्य नसल्यामुळे ती अर्ध्या कागदावर मावते. तुमच्या बिलावरच्या दुसऱ्या रंगाच्या पाच हजारांत बचत अशी होते. तुमचे यजमान म्हणतात त्या ऑनलाइन ऑफरचंही तेच. डाळ तिथे खरंच कधी कधी स्वस्त असते, पण डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून आपण आणखी दोनशेचं काय भरतो, तेही लिहून ठेवा.

खरेदी करताना वजनाकडे आणि कराकडे लक्ष ठेवा. १८ जुलै २०२२ पासून छापील पाकिटातल्या धान्य-डाळी-पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटालाच. सुट्या धान्यावर तो नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही. बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसतात ते यामुळे. २५ चा आणि २६ चा कट्टा शेजारी शेजारी असेल तर किलोचा दर काढूनच उचला. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हेही डोक्यातून काढा. मॉलमध्ये एक किलोचं पाकीट पाच किलोच्यापेक्षा किलोमागे स्वस्त पडल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

तेलाच्या बाबतीत तर मोबाइलवर भागाकार केल्याशिवाय घेऊच नका. लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं आणि १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पिशव्यांचंही तसंच, दिसायला लिटरची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ८५० किंवा ८७० ग्रॅम लिहिलेलं. सगळे भाव किलोत आणा, मग तुलना करा. आणि आख्खा डबा एका घरात ठेवू नका. चौघांना महिन्याला साडेतीन-चार लिटर लागतं, उघडलेला डबा चार महिने चालतो आणि शेवटच्या महिन्यात तेलाला वास यायला लागतो. त्याहून मोठं नुकसान हाताचं. डबा भरलेला दिसला की फोडणी सढळ होते, पुऱ्या-भजी वाढतात. आम्ही डबा दोन घरांत वाटून घेतो.

याच कारणाने सुकामेवा, बिस्किटं, चॉकलेट, सरबतं कधीही घाऊक घेऊ नका. मुलांच्या घरात पाच किलो बिस्किटं एक किलोच्याच वेळात संपतात. रवा, मैदा, बेसन, पोहे महिन्या-दीड महिन्याचे घ्या. रवा आणला की मंद आचेवर भाजून ठेवा, किंवा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, म्हणजे अळी-जाळी धरत नाही.

किड्यांची भीती रास्त आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते. गव्हा-तांदळातला सोंडा बहुतेक वेळा आपल्या घरात जन्माला येत नाही. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि ते बुजवते. तो दाणा शेतातून किंवा गोदामातून तसाच आपल्या कोठीत येतो आणि उकाड्यात महिना-दीड महिन्यात किडा बाहेर पडतो. म्हणून कोठीत भरतानाच धान्य कोरडं आणि स्वच्छ हवं. गहू दोन दिवस कडक उन्हात पसरा, हाताने वर-खाली करा, चाळा. संध्याकाळी सावलीत आणून रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरा. हे गार होणं फार महत्त्वाचं. एका मे महिन्यात पाहुणे येणार म्हणून घाईने मी दुपारी चारला गच्चीवरचा गरम गहू तसाच कोठीत भरला आणि झाकण लावलं. रात्री कोठी गार झाली, आतल्या वाफेला झाकणाखाली पाणी सुटलं. आषाढात झाकण उघडलं तेव्हा वरच्या थराला कुबट वास होता आणि श्रावणात सोंडे झाले. ६० किलो गहू गेला. तेव्हापासून कोठीत हात कोपरापर्यंत घालून बघते. आत जराही ऊब लागली तर भरत नाही.

तांदूळ मात्र कडक उन्हात टाकू नका, दाण्याला तडे जातात आणि भात करताना कण्या होतात. घरातच पंख्याखाली पसरा. डाळीला एरंडेल लावतात ते चांगलंच. दहा किलोला पन्नास मिली पुरे. तळहाताला लावून डाळ चोळायची, पुन्हा थोडा वेळ ऊन दाखवायचं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. हिरवा घातला तर आपणच कोठीत ओल घातल्यासारखं होतं.

आणि काय घालायचं नाही ते नीट वाचा. बोरिक पावडर अजून बऱ्याच घरांत तांदळाला लावतात. खाद्यपदार्थांत तिला परवानगी नाही, आणि घाईच्या दिवशी तांदूळ एकदाच धुतला जातो हे आपल्याला माहीत आहे. मुलांच्या घरात ती नकोच. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा हे विष आहे. आणि गोदामात धुरी द्यायला वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या कोणी ओळखीने आणून देऊ लागला तरी दारातूनच परत पाठवा. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. यापेक्षा गहू किडलेला परवडला.

कोठी काठोकाठ भरा, आत हवा जितकी कमी तितकं चांगलं. पावसाळ्यात मोठी कोठी रोज उघडू नका. कोरडा दिवस बघून महिन्याचं धान्य लहान डब्यात काढा आणि झाकणाच्या फटीवर पुन्हा चिकटपट्टी लावा. नवं धान्य जुन्यावर ओतू नका. तळाशी राहिलेली जुनी मूठभर कीड वरच्या शंभर किलोंना पुरते.

एकट्या घराने पोती घेण्यापेक्षा चार-पाच घरं मिळून घ्या. दीड क्विंटलच्या गिऱ्हाइकाला गाळ्यावर भाव सांगितला जातो, पंधरा क्विंटलच्या गिऱ्हाइकाशी बोलला जातो. आम्ही दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत घरटी महिना दीड हजाराची धान्याची भिशी लावतो. एप्रिलला प्रत्येकाचे साडेसात हजार तयार असतात, कोणालाही क्रेडिट कार्डावर गहू घ्यावा लागत नाही. कार्डाचं व्याज दोन महिने जरी बसलं तरी गव्हातली बरीचशी बचत त्यातच जाते.

वाटपाचा दिवस रविवार. पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरतो, वजनकाटा मधोमध. पहिल्यांदा पाच किलोचं वजन ठेवून काटा सगळ्यांसमोर तपासायचा. मग प्रत्येक पोतं न उसवता तोलायचं आणि बारदानाचं वजन वजा करून वहीत लिहायचं. ५० किलोच्या पोत्यात कधी कधी ४९ किलो ३०० ग्रॅमच भरतात, आणि ते गाळेवाल्याला त्याच दिवशी फोन करून सांगितलं तर तो पुढच्या वेळी भरून देतो. पोतं उसवलं की वरचा, मधला आणि तळाचा अशा तीन मुठी कागदावर काढायच्या आणि आणलेल्या नमुन्याशेजारी ठेवून बघायच्या. सगळ्यांनी पाहिलं, मग माप सुरू. पहिल्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक घराचा आकडा मोठ्याने म्हणतात. त्यांनी म्हटल्याशिवाय मी वहीत लिहीत नाही. बावीस वर्षांत वजनावरून वाद झाला नाही तो यामुळेच.

आता जागेचं. एक किलो गव्हाला साधारण एक लिटर ३०० मिली जागा लागते. म्हणजे ५० किलोला ६५ लिटरची कोठी. दीडशे किलोसाठी अशा तीन कोठ्या टूबीएचकेत बसवणं जड जाईल, म्हणून पहिल्या वर्षी गहू सोडाच. फेब्रुवारीत १२ किलो तूरडाळ घ्या, एप्रिलच्या आत दीड किलो मिरची कुटून आणा, दिवाळीला सात किलो शेंगदाणे आणि पुढच्या जानेवारीत ३० किलो नवा कोलम. हे सगळं मिळून एक ४० लिटरची कोठी आणि तीन-चार डबे. पलंगाच्या बंद कप्प्यात धान्य ठेवू नका, तिथे हवा खेळत नाही आणि गादीची ओल उतरते. कोठी लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. बाथरूमला लागून असलेली भिंत असेल तर दुसरी भिंत बघा. कोठी आत्ताच घ्या आणि घेताना पेटती बॅटरी आत ठेवून झाकण बंद करा, खोलीत अंधार करून बघा. फटीतून उजेड दिसला तर ती कोठी घेऊ नका.